उलटं झाकण

नळ पाचव्या दिवशी येतो, पहाटे, दीड तास.
पहिली घागर प्यायची, दुसरी स्वयंपाकाची,
तिसरीतून मी दोन तांबे चोरते
माझ्याच घरातून.

पातेल्यात मधोमध अर्धी वीट, विटेवर वाटी,
भोवती गुलाब.
फूलबाजारात रात्री नऊनंतर
पन्नासचा दहाला होतो तो, गावरान,
कडा काळवंडलेला, वास शाबूत.
झाकण उलटं, मूठ आत.
वर बर्फ, लिंबूसोडावाल्या नागनाथकडचा,
गोणपाटात गुंडाळून धावत आणलेला.
मे महिन्यात सोलापुरात
बर्फ घेऊन कधी धावलात?

शमशादनं शिकवलं हे, विजापूर वेशीतल्या.
"जाळ बारीक ठेव," म्हणाली,
"घाई केलीस की भाजी होते फुलांची."
पहिल्यांदा भाजीच झाली.
दुसऱ्यांदा पाण्याला कांदा लागला,
पातेलं आदल्या रात्री पिठल्याचं होतं.
तिसऱ्यांदा नणंद दारात उभी:
"काय करलालीस गं?
प्यायला पाणी नाही, आन तू
पाणी उकळून पाणी करलालीस?"
खरंच होतं. मला काही सुचेना.
तिच्या मनगटावर दोन थेंब सोडले.
हात नाकाशी धरून
ती जिना उतरून गेली.

मी दिवसाला नऊशे विड्या वळते.
तंबाखू नखांत राहतो, भाकरीत उतरतो,
भाग्याच्या वेणीत सुद्धा.
दुसरीत असताना तिच्या बाकावरच्या मुलीनं
जागा बदलून मागितली.
भाग्यानं घरी सांगितलं नाही.
बाईंनी सांगितलं, जानेवारीत,
गड्ड्यावर भेटल्या तेव्हा,
पाळण्यांच्या आवाजात दोनदा ओरडून.

तेव्हापासून वेणी घालण्याआधी
कापसाचा बोळा. एकेक बोट. नखाची कड.
घामोळ्यावर तेच पाणी, उशीच्या अभ्र्यावर तेच.
नवरा रात्रपाळीहून येतो
तेव्हा पापण्यांत मागावरचा कापूस असतो,
ओली घडी ठेवली की "हं" म्हणतो,
तेवढंच बोलतो सकाळी.
एकदा कूलरच्या टाकीत घातलं चमचाभर,
तर खालून विचारणा आली,
कुणाचं ठरलं का?
पातेल्यातल्या करड्या पाण्यानं फरशी पुसते.
पाकळ्या तोवर पांढऱ्या पडलेल्या,
त्या पिळते. पिळून काही निघत नाही.
तरी पिळते.

शमशादच्या धाकट्याचा निकाह.
गुलाबदाणी तिच्या सासूची, पितळेची,
पाणी माझं. मंडपाच्या दारात मीच उभी.
आणि पाहुण्यांत मेंगाणे,
आमच्या कारखान्यातला चेकर,
जो रोज माझं सूप पुढ्यात ओढून
चाळीस विड्या बाजूला टाकतो:
पान जाड, तोंड नीट मोडलं नाही, छाट.
मला त्यानं ओळखलं नाही.
जरीची साडी होती, आणि मी उभी होते;
तो मला बसलेलीच बघतो.
शिंपडलं. त्यानं डोळे मिटले.
"व्वा. अस्सल आहे. कुठल्या कंपनीचं ओ?"
शमशादनं माझ्याकडे पाहिलं,
मी गुलाबदाणीच्या छिद्रांकडे.
"गल्लीतलं," ती म्हणाली.
"असं होय," म्हणत त्यानं
ओंजळ पुन्हा पुढे केली.
दुसऱ्यांदा जरा जास्तच पडलं माझ्या हातून.
त्याची कॉलर भिजली.

सोमवारी चाळीस छाट.
मग सुपातून एक उचलून
नाकाशी नेली त्यानं, आणि थांबला.
नाकपुड्या हलल्या. कपाळ आकसलं.
काहीतरी आठवत होतं त्याला,
मी श्वास धरून पाहत राहिले.
"विडीला कसला तरी वास येतोय,"
म्हणाला, आणि ती पण टाकली.

एकेचाळीस.

घरी आले. भाग्यानं कॅलेंडरवर
पेन्सिलीनं गोल केला होता.
उद्या पाचवा दिवस.