घड्याळाकडचा माणूस

पहाटे पाचला उद्यमनगरात शटर अर्धंच उचललं.
पुरं उचललं की शेजारचा लोहार जागा होतो
आणि मग त्यालाही यायचं असतं.
गाडी चौघांनी उचलली,
झोपलेलं पोर उचलतात तशी,
कारण मागचा एक्सल मी गुरुवारी रात्री सरळ केला होता
आणि तो सरळ आहे
यावर माझाच विश्वास नव्हता.

टेम्पो बागवानांचा. कांद्याचा वास तसाच.
तौफिक वाटेत एकदाच बोलला,
"हळू घेतो. शर्यत तितं हाय, हितं न्हाई."

माझं वजन ब्याण्णव किलो.
कवितेत सांगायची गोष्ट नव्हे ही,
पण ट्रॅकवर काटा असतो आणि काटा कुणाचं ऐकत नाही.
दोन वर्षांपूर्वी मी त्याच्यावरून उतरलो तेव्हा
शीतल मगदूमनं एक शब्द न बोलता
माझ्या हातात स्टॉपवॉच ठेवलं.

निलोफर हेल्मेट-बूट धरून त्रेपन्न.
नियमाला सात कमी.
म्हणून फौंड्रीतून शिसं मागून आणलं, मीच ओतलं,
चार पाट्या सीटच्या बुडाशी बोल्टनं आवळल्या.
"तुझंच कापून लावलंय बघ," चौगले म्हणाला.
हसलो मी.
पण दर वळणाला ते सात किलो
कुठल्या अंगाला कलतात
ते इथं कुंपणाशी उभ्यानं मला कळतं.

पलीकडच्या टीमचा मांडव होता, खुर्च्या,
लॅपटॉपमध्ये डोकं घातलेला एक पोरगा.
आमची ताडपत्री, भडंगाची पिशवी
आणि हवा मोजायचं मीटर,
जे दोनदा लावलं की दोन आकडे सांगतं.
आम्ही मधला धरायचो.

अकराला डांबर तापलं.
ट्रॅकभोवती ऊस उभा, पानसुद्धा हलत नव्हतं.
पंधरा लॅप.
त्रेपन्न पॉइंट दोन. बावन्न नऊ.
बावन्न सहा, हे मी दोनदा लिहिलं,
एकदा वहीत, एकदा तळहातावर.
नवव्या लॅपला ती पाचवी होती
आणि शीतलनं टोपी उलटी केली होती.

दहावी सुरू झाली. बटण दाबलं.
मग उसाच्या पल्याडून इंजिनाचा आवाज
एकदम हलका झाला,
ओझं टाकलेल्या माणसाच्या श्वासासारखा.
आवाज मोठा आणि गाडी नाही.
चौगले म्हणाला, "साखळी."
शीतलनं टोपी सरळ केली.

ती चालत आली. हातमोज्याभोवती साखळी गुंडाळलेली,
काळं तेल मनगटापर्यंत.
कुणी काय झालं विचारलं नाही.
साखळीच्या जोडाची क्लिप नव्हती, सगळ्यांना दिसत होतं.
ती क्लिप लावायचं काम कुणाचं
तेही सगळ्यांना ठाऊक होतं.
पाणी पिऊन ती माझ्याकडं बघून म्हणाली,
"चौथ्या वळणाला मागनं अजाबात वडत न्हवती.
एक्सल सरळ हाय तुझा."

मग बाकीच्या शर्यती बघितल्या. भडंग संपलं.
कुणाला तरी आमचा पाना हवा होता, तो दिला,
परत आणायला शीतल दोनदा जाऊन आला.
येताना उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलो,
तौफिकनं एकदाही हॉर्न दिला नाही.

शटरपाशी घड्याळ काढायला खिशात हात घातला.
घड्याळ चालूच होतं.
आणि त्याच्याशेजारी,
नखाएवढी, तेलकट,
ती क्लिप.

चौघांसमोर हात तसाच उघडा राहिला.
शीतलनं आधी घड्याळ वाचलं.
"दहावी लॅप. चार तास अकरा मिनिटं. लिवून ठेव."
लोहार जागा होता. बाहेर आला, बनियनवर,
"कितवा नंबर?"
"अजून चाललीय," चौगले म्हणाला.

गाडी पाच जणांनी उतरवली.
निलोफरनं माझ्या तळहातावरून क्लिप उचलली,
बावन्न सहाच्या आकड्यावरून,
फडक्यानं पुसली, परत ठेवली.
"लाव आता," म्हणाली. "मी बघत्ये."