गिळलेला ब

लिखू नदीच्या काठी, पाणचक्कीत,
धनमती कातिचा मका दळते.
मी वही उघडून विचारतो, हे काय, ते काय.
भाषेला 'लो' म्हणतात.
मी लिहून घेतो देवनागरीत,
माझ्या घरच्याच अक्षरांत, म्हणून जरा मिजाशीत.

एका शब्दाशी अडतो.
"ब," मी म्हणतो.
"नाही. ब."
"ब?"
तिचे ओठ मिटतात, आणि बाहेर यायचा श्वास
आतच जातो,
डोहात घागर बुडावी तसा.
दळणाला आलेल्या बाया हसतात. पीठ उडतं.

कतारहून परतलेला तिचा भाचा, रणध्वज,
खिशातल्या पावतीमागे
एक आकडा काढतो, त्याला एक शेपूट:
"आमच्या लिपीत याला घर आहे."
मग पेन कानामागे खोचत,
"तशा लिप्या दोन आहेत.
त्यावरून भांडणंही आहेत."
धनमतीला दोन्ही वाचता येत नाहीत.

रात्री वही चाळताना दिसलं,
पानाच्या माथ्यावर मीच लिहिलंय: नेपाळ.
हा ळ इथे कुणाच्या तोंडी नाही.
यांच्या देशाच्या नावात मी
न विचारता एक अक्षर घुसवलं
आणि यांचं एक मला झेपेना.

सकाळी तिला तो शब्द म्हणून दाखवला.
तिनं जात्याच्या तोंडात मूठभर मका सोडला.
"जवळ आलास," म्हणाली,
"अजून थोडं गिळ."