छाट

विडी घरकुलात संध्याकाळी वीज जाते
आणि शेजारचे माग एकदम गप्प होतात,
तेव्हा कानात थोडा वेळ खटखट चालूच राहते.
त्या शिल्लक आवाजात मी गणित शिकवतो.
गच्चीवर अकरा पोरं, खाली एक विटलेली चादर,
आणि एप्रिलची फरशी
चादरीतूनही भाजते.

मेरगूंची अनसूया सूप मांडीवर घेऊनच बसते.
आईच्या हजारातल्या दोनशे तिच्या वाट्याला.
बोटं पानावर, डोळे फळ्यावर.
पंचवीस झाल्या की जुडी, मग पुढची.
पंचवीसचा पाढा तिला मी शिकवलेला नाही.

परवा तिनं विचारलं,
सर, वजा गुणिले वजा अधिक का?

म्हटलं, नियम आहे.
ती म्हणाली, नियम कारखान्यातही असतात.

मग मी उदाहरण शोधलं, तिच्याच सुपातलं.
कारखान्यात रोज पन्नास विड्या छाट काढतात,
म्हणजे रोज वजा पन्नास. बरोबर?
आता समज, छाट काढणारा चार दिवस आलाच नाही.
चार दिवसांची वजाबाकीच वजा झाली.
तुझ्या आईचे किती वाढले?
दोनशे! मागून शोएब ओरडला.
मी खडू खाली ठेवला, कुस्ती मारल्यासारखा.

अनसूया दातानं दोरा तोडत म्हणाली,
वाढले कुठं, सर?
त्या दोनशे आमच्याच होत्या की.

खाली कुणीतरी घागरी लावत होतं,
पाणी चौथ्या दिवशी येणार म्हणून आजच.
शोएबनं वेळ साधून आपलं पुढं केलं:
बारा कडक भाकरी, जेवणारं कुणीच नाही,
तर प्रत्येकाला किती?
असं विचारायचंच नसतं, मी म्हणालो.
का नसतं? भाकरी तर आहेत.
पोरं हसली. मीही हसलो, जरा उशिरा.

माझे वडील साखर पेठेत जकार्डचे पत्ते पाडायचे.
पुठ्ठ्यावर ठोका, ठोक्याला एक भोक.
सहा वर्षांचा मी भोकाला डोळा लावून विचारायचो,
नायना, यात काय आहे?
एमी लेदु, ते म्हणायचे. काही नाही.
आणि त्याच काही-नाहीमधून हूक वर जायचा,
दोरा उचलला जायचा,
चार वारांनंतर चादरीवर मोराची मान दिसायची.
पुढं कॉलेजात सरांनी शून्याची व्याख्या दिली.
मी ती लिहून घेतली, परीक्षेत मार्कही मिळाले,
पण मोर कुठून आला हे पेपरात नव्हतं,
आणि नायनांना विचारावं तर
तोवर त्यांचा कानच गेलेला, ठोक्यांनी.

वीज आली. माग सुरू झाले,
म्हणजे आता ओरडून शिकवायचं.
मी फळ्यावर पुन्हा सुरुवात केली,
वितरणाचा नियम, कंस, शून्य बरोबर शून्य,
सगळं पायरीपायरीनं, एकही जागा न सोडता.
सिद्धता बरोबर होती. अजून आहे.
पोरांनी वहीत उतरवली.
अनसूयानंही उतरवली, तंबाखूच्या बोटांनी,
समीकरणाच्या कडेला पिवळे ठसे.

जाताना तिनं जुड्या मोजल्या. आठ.
आणि सुपाच्या कोपऱ्यात सुट्या दहा.
ह्या कशाच्या?
छाटेच्या, सर. आई हजार कधीच वळत नाही,
हजार पन्नास वळते,
तेव्हा कुठं हजार भरतात.
मजुरी हजाराचीच.
तुमच्या गणितात त्या पन्नास कुठं लिहायच्या,
बरोबरच्या अलीकडं का पलीकडं?

मागांच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं.
मी म्हणालो, उद्या सांगतो.

हे मी सोमवारी म्हणालो.
आज शुक्रवार.
वीज आताच गेलीय,
जिन्यावर सुपाचा आवाज आहे.