भार-तक्ता

गदिन्याच्या धक्क्यावर
एकतीस वर्षं मी चाळीस मीटर उंच बसलो,
काचेच्या खोक्यात,
पायाखाली बाल्टिक समुद्र, मांडीवर थर्मास.
उजव्या हाताला, डोळ्यांच्या रेषेत
पत्र्याची एक पाटी होती: भार-तक्ता.
क्रेनचा हात जवळ असेल तर चाळीस टन.
हात जेवढा लांब, तेवढं ओझं कमी.
तिसाव्या मीटरला नऊ.
नऊ म्हणजे नऊ. साडेनऊ नाही,
खालून कप्तान हात जोडो की शिव्या घालो.

निवृत्तीच्या दिवशी पोरांनी घड्याळ दिलं.
पाटी तिथंच राहिली.

पहिल्याच एप्रिलात
सासऱ्यांकडून आलेला बागेचा तुकडा,
रेल्वेरुळांपलीकडचा, तीनशे चौरस मीटर,
सगळाच्या सगळा एका दिवसात खणायला घेतला.
हालिना म्हणाली, "उद्या उजाडणार नाहीये का?"
उद्या बटाटे लावायचेत, मी म्हणालो.
अति तेथे माती म्हणतात,
मी त्या मातीतच उताणा पडलो होतो.
शेजारच्या तुकड्यावरच्या यादविगाबाईंनी
मला ढकलगाडीत घालून फाटकापर्यंत आणलं.
वय वर्षं एकाहत्तर. त्यांचं. माझं सहासष्ट.

मग हिवाळाभर सोफा.
टीव्हीवर कोवळी पोरं बर्फावरून उडत होती
आणि मी त्यांच्यासाठी सॉसेज खात होतो.

मग वसंतात दुसरंच भूत:
पावाचा तुकडा तराजूत,
मनगटावर पावलं मोजणारं यंत्र,
रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात येरझाऱ्या,
तीनशे चाळीस पावलं कमी पडली म्हणून.
नातीच्या वाढदिवसाला केक नको म्हणालो.
ती काही बोलली नाही.
माझी बशी उचलून तिनं कुत्र्यापुढं ठेवली.

त्याच महिन्यात झेनॉन गेला.
तीन नंबरच्या क्रेनवरचा.
सगळं पेन्शननंतर, म्हणायचा:
मासेमारी पेन्शननंतर, भावाशी समेट पेन्शननंतर,
दात पेन्शननंतर.
हात पूर्ण लांब करून
सगळं एकदम उचलायला गेला.

अंत्ययात्रेहून परत आलो, तो बागेत.
कपडे तेच, काळे.
अवजारांच्या खोपटाच्या दारावर
आतल्या बाजूनं खडूनं लिहिलं:
खणणे – एक वाफा. मग बाक.
सॉसेज – रविवारी.
बिअर – एक. यादविगाबाईंनी आग्रह केला तरी एक.
चालत येणे, रुळांच्या कडेनं. परत बसनं चालेल.
झेनॉनचा भाऊ – फोन.

दुसऱ्या दिवशी खाली हालिनाचं अक्षर होतं:
बंदराकडे बघत बसणे – दहा मिनिटं.
माझ्याकडे – मर्यादा नाही.

असं चाललंय आता चौथं वर्ष.
रक्तदाब बरा आहे म्हणते ती तरुण डॉक्टर,
आणि विचारते, कंटाळा नाही येत?
येतो की.
कंटाळ्यालाही एक वाफा दिलाय,
जिथं काही लावत नाही.

हालिनाच्या नामदिनाला काल
खसखशीच्या केकचा दुसरा तुकडा घेतला.
सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.
मी काय सांगणार त्यांना?
वाऱ्याच्या रात्री काम थांबवून खाली उतरताना
आम्ही क्रेनचा फिरता ब्रेक सोडून ठेवायचो.
वारा नेईल तिकडं हात वळू द्यायचा.
नवीन आलेल्या पोरांना ते भयानक वाटायचं,
अंधारात एवढं लोखंड आपलं आपण फिरतंय.
पण घट्ट आवळून ठेवलेली क्रेनच
सकाळी पाण्यात सापडते.

बीट यंदा लहान आलीत.
मुठीएवढी. दोघांच्या सुपाला तीन लागतात.
चौथं यादविगाबाईंच्या कुंपणावर ठेवून येतो,
त्या पंचाहत्तरीत
अख्खा तुकडा एकट्या खणतात,
आणि माझ्या दारावरचा खडू वाचून
दर शनिवारी हसतात.