गाळा नंबर सहा

समोरच्या गाळ्याला चार दिवस हिरवा पडदा.
आत लाद्या कापतायत. परवा फ्लेक्स चढला:
'लवकरच! ताजं पीठ, काचेपलीकडे दळताना बघा.'

माझ्याकडे काय बघणार?
भुवयांपर्यंत पांढरा मी,
आणि तारखा पिठाखाली गेलेलं एक कॅलेंडर.

तन्मय एजंटकडून काढून आला:
भाडं अठ्ठावीस हजार, डिपॉझिट वेगळं.
महावितरणच्या बिलामागे मांडलं.
किलोला आठ रुपये धरले
तर साडेतीन हजार किलो नुसते भाड्यापायी.
एवढं मी फक्त दिवाळीच्या महिन्यात दळतो.
हसू आलं.
"ते दळणार नाहीत, मामा," तन्मय म्हणाला,
"ते पीठ विकणार. फोनवरून."
बिल उलटं करून ठेवलं.

माझं जे आहे ते कुठल्या रकान्यात टाकू?
एकादशीच्या आदल्या दिवशी दगड पुसून आधी राजगिरा.
हरभऱ्यावर कुणाची ज्वारी टाकायची नाही.
शेखभाभींचा निळ्या झाकणाचा डबा,
तांदूळ सावलीत वाळवलेले, बोटाला रवाळ लागता कामा नये.
सोनटक्केबाईंची नाचणी, सासऱ्यांसाठी, अर्धा किलो.
गेल्या महिन्यात तो डबा आला नाही.
मी विचारलं नाही.

सत्त्याण्णव साली घणसोलीत
'लवकरच' मीच होतो.
गोठिवलीत पोशा भोईरची पट्ट्याची गिरणी,
बाया डबे डोक्यावर घेऊन तिकडे जायच्या.
माझा सिडकोचा गाळा, कोरी मोटर,
किलोमागे चार आणे कमी.
पहिल्याच दिवशी पोशा आला, दोन किलो तांदूळ घेऊन.
चिमटीत पीठ चोळलं.
"दगर तापतंय तुजा," म्हणाला. "टाकी लाव."
कशी लावायची तेही उकिडवा बसून दाखवलं.
नऊ महिन्यांनी त्याने पट्टा उतरवला.

आज पडदा निघाला.
दोन किलो ज्वारी घेऊन मी रस्ता ओलांडला.
काचेमागे हातमोजे घातलेलं पोरगं:
"काका, मोबाईल नंबर?"
दिला.
पिशवी हातात आली ती गरम.
चिमूट चोळली. पोरगं बोटांकडे बघत होतं.
मी "छान आहे" म्हणालो.

रात्री फोन वाजला.
पीठ कसं वाटलं? पाचपैकी किती चांदण्या?

पोशाला कुणी विचारलं नव्हतं.
मला विचारतायत,
आणि मी अंगठा वर धरून बसलोय,
पांढरा.