ओळंबा

वूच या शब्दाचा अर्थ होडी.
शहरात मात्र पाणी दिसत नाही.
गिरण्यांच्या दिवसांत नद्या नळांत घातल्या,
वरून रस्ते ओढून घेतले,
आजाऱ्यावर पांघरूण ओढावं तसे.

त्या पांघरुणाच्या वर, जुन्या सूतगिरणीत, तिसऱ्या मजल्यावर
बोग्ना व्हिल्चेक चहाच्या खोक्यासाठी चंद्र काढतेय.
गिऱ्हाइकाचं म्हणणं: गूढ हवा,
पण दुकानात ट्रॉली ढकलणाऱ्या बाईला
धडकी भरेल इतका नको.
हा सातवा. आधीचे सहा परत आले,
एक उदास म्हणून, एक गार म्हणून,
एकाला नुसतंच: "चीज वाटतं."

मी शेजारच्या टेबलावर पुस्तकं बांधते.
भाडं निम्मं निम्मं.
तिच्या फोनमध्ये एक ज्योतिषी राहतो,
भल्या सकाळी सांगतो, आज कशावरही सही करू नका.
खिडकीतल्या स्फटिकांपैकी मोठ्याखाली
विजेचं बिल दाबून ठेवलेलं.
नवा रंग कालवण्याआधी ती पत्ता ओढते,
बघते, खिशात टाकते, मला दाखवत नाही.
मी हसते.
"हस. सरस लावताना श्वास तूही रोखतेसच."
रोखते. खरं आहे.

दोन रंगांत अडली की ओळंबा काढते.
वडिलांचा. वालेन्ती, गवंडी,
चर्चमध्ये गेले ते गिलावा करायला.
पितळ टोकाशी बोथटलेलं,
दोरीला अजून चुन्याचा वास.
हळदीवर आणि शेवाळीवर धरते ती,
झुलेल तिकडचा रंग.
कोण झुलवतं गं?
"हात. हाताला कोण सांगतं ते ठाऊक नाही.
आणि ठाऊक आहे म्हणणाऱ्याकडून
मी स्फटिक घेत नाही."

फेब्रुवारीत एकदा म्हातारा जिने चढून आला,
काखेत खारवलेल्या काकड्यांची बरणी.
दारातच थबकला.
"हे काय? त्याला हलवतेस?
अगं, तो थांबायला असतो.
थांबेपर्यंत त्याचं काही ऐकायचं नाही."

तिच्या हातातून दोरी घेतली,
कोऱ्या कागदावर धरली.
मग तिघंही उभे.
काकड्यांच्या बरणीवरचं दव ओघळून टेबलावर आलं
तरी कोणी पुसेना.
झोका लहान झाला, आणखी लहान,
तांदळाएवढा,
आणि तिथेच राहिला. थरथरत.

"ट्राम," वालेन्ती म्हणाले.
"नदी," बोग्ना म्हणाली.
मी खिडकीतून बघितलं.
रस्त्यावर ट्राम नव्हती.
पण तसं काही मी बोलले नाही,
त्यांचं त्यांनी मिटवावं.

आठवा चंद्र त्या टोकाखाली काढला,
वरून खाली येणारी एक बारीक रेघ,
तिला टांगलेला, जरा कललेला.
पसंत पडला. फक्त विचारणा आली:
ती रेघ छापताना चुकलीय का?
काढता येईल?

काढली. बिलं भरायची होती.

आता तो फळीवर मिळतो,
चंद्र, कशालाच न टांगलेला.
वालेन्ती चहा पीत नाहीत.
परवा तीन खोकी घेऊन आले, खुर्ची ओढली,
कानावरची सुताराची जाड पेन्सिल काढली,
पट्टी मागितली माझ्याकडे,
आणि तिन्हींवर
वरच्या कडेपासून चंद्रापर्यंत
नीट, जीभ दातांत धरून,
रेघ ओढत बसले.