आठ तास, पाणी मोफत

बुकिंग एकाच माणसाचं होतं :
बेटदर्शन, खासगी, आठ तास,
एसी गाडी, पाणी मोफत, गाईड मराठी चालेल.
'चालेल' वाचून मी जरा दुखावलेच.

मादाम सुशीला भिवाजी, मुक्काम मॉरिशस.
हॉटेलच्या पायऱ्या आडव्या उतरल्या,
एकेका गुडघ्याची परवानगी घेत.
फुलाफुलांचा झगा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू,
आणि पहिलंच वाक्य :
"बेट किती वाजता लागेल?"

म्हटलं, लागलंय. त्याच्यावरच उभ्या आहात.
त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
फसलेल्या गिऱ्हाइकासारखं नाही,
धंद्यातल्या माणसानं
धंद्यातल्या माणसाकडे पाहावं तसं.

नवरा चाळीस वर्षं टॅक्सीवर होता.
ज्वालामुखीचं तोंड, चहाचा मळा, सात रंगांची माती,
दुपारी मासळी, शेवटी सूर्यास्त.
"तेच बेट रोज विकायचं, पोरी,
आणि रोज पहिल्यांदा बघतोय असं तोंड करायचं."
मी माझं तोंड खिडकीकडे वळवलं.

तरी सांगत गेले, सांगायचं असतं म्हणून :
कुलाबा, धाकटा कुलाबा, माझगाव,
परळ, वरळी, माहीम, आणि मुंबई.
त्यांनी बोटांवर मोजली.
"आमची माती सात, तुमची बेटं सात.
आमची दिसते."

शिवच्या किल्ल्यावर दम घेत घेत चढल्या.
ती बघा खाडी, म्हटलं, तिथं बेट संपतं.
"कुठं?"
त्या टॉवरच्या मागे.
"मागे म्हणजे मानायचं."
हो, मानायचं.
दुपारी माझगावच्या खानावळीतला बोंबील
मात्र मानावा लागला नाही.
काटा चोखता चोखता बोलल्या :

"आजाचा आजा इथून गेला, उसाला.
कारकुनानं नाव विचारलं. भिवाजी, म्हणाला.
पुढं काय? गाव काय? आडनाव काय?
त्याला वाटलं, एवढ्या लांब जायला एवढं पुरे.
तेव्हापासून आम्ही सगळे भिवाजी.
बायका भिवाजी, पोरं भिवाजी,
दारातलं कुत्रंसुद्धा."

मग हात धुताना, पाठमोऱ्या :
"कुठल्या धक्क्यावरून, गं?"

बाकीच्यांना मी सांगून टाकते काहीतरी.
भाऊच्या धक्क्यावर उभं करते,
वारा असतो, बोटी असतात, डोळे भरतात,
फोटो चांगला येतो.
यांना नाही सांगवलं.
माहीत नाही, म्हटलं.
बावीस वर्षांत पहिल्यांदा कामावर असताना
हे दोन शब्द तोंडातून निघाले.
त्यांनी नुसती मान हलवली,
जणू आत्ता कुठे टूर सुरू झाली.

चार वाजता पायधुणी.
इथून पुढे साड्यांचं दुकान, त्यात माझे दहा टक्के.
त्यांना ते सकाळपासून ठाऊक होतं,
नवऱ्याचं दुकान हिऱ्यांचं होतं, एवढाच फरक.
मी पाठ केलेलं म्हटलं :
इथं बेटांच्या मधून भरतीचं पाणी यायचं,
पलीकडून आलेला माणूस
पाय धुऊन शहरात शिरायचा.
लोक 'अच्छा' म्हणतात.

त्या म्हणाल्या, गाडी थांबव.

कुडतरकरनं थांबवली, तीन हॉर्न मागे लागले.
दार उघडून त्या कडेला बसल्या, चपला काढल्या,
फुकटची बाटली फोडली
आणि ओतली. आधी उजवा,
मग डावा, मग अंगठ्याच्या बेचक्यात
नीट, बोट घालून,
शेतातून आलेल्या माणसासारखे.
एक हातगाडीवाला ओझ्यासकट थांबून राहिला.
शिवी दिली नाही त्यानं.

"आला गं भिवाजी," त्या म्हणाल्या. मला नव्हे.

मग उरलेली बाटली माझ्यापुढे केली.
"तू धुतलेस कधी?"

मी इथलीच. डोंगरीच्या इस्पितळात जन्मलेली.
ही गोष्ट हजारदा सांगितलेली,
बोट दाखवून,
चपला न काढता.

दुकान राहून गेलं.
रात्री गाडी पुसताना कुडतरकर कुरकुरला :
मागच्या पायपुसण्यावर
चार पावलं, अजून ओली.